घर घेऊन घाटात

अमेरिकेच्या मोंटाना राज्यात ग्लेशियर नॅशनल पार्क आहे. त्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे 'गोइंग-टू-द-सन रोड' नावाचा साधारण ८० किलोमीटरचा रस्ता जातो. वाटेत ६,६४६ फुटांवर लोगन खिंड लागते. एका बाजूला सरळ उभा कडा, दुसऱ्या बाजूला हिमनद्यांनी कोरलेली खोल दरी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर दोनच पदर. या रस्त्याच्या मधल्या डोंगराळ टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडी नेता येत नाही. २१ फुटांत दोन्ही बंपर धरायचे आणि ८ फुटांत दोन्ही आरसे.

अमेरिकेतली मोठी मोटरहोम म्हणजे बसएवढ्या सांगाड्यावर बांधलेलं चालतं घर. त्यात ओटा, पलंग, न्हाणीघर सगळं असतं. ती सहज ३० ते ४० फूट लांब असते आणि आरसे सोडूनच साडेआठ फूट रुंद भरते. डोंगर बघत हिंडावं म्हणून लोक जी गाडी घेतात, तिलाच त्या देशातल्या सर्वांत देखण्या डोंगरी रस्त्यांपैकी एकावर मज्जाव आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा सरकारी अडेलपणा वाटतो. मला तो नियम त्या रस्त्याच्या जन्मातूनच आलेला दिसतो.

१९२० च्या दशकात हा रस्ता आखला जात होता. नॅशनल पार्क सर्व्हिसचे इंजिनिअर जॉर्ज गुडविन यांच्या आराखड्यात खिंडीकडे चढताना १५ हेअरपिन वळणं होती. खर्चाच्या दृष्टीने तो सोयीचा मार्ग होता. थॉमस विंट या तरुण लँडस्केप आर्किटेक्टला तो पटला नाही. एकावर एक १५ पट्टे खोदले तर अख्खी डोंगरउतरण कायमची विद्रूप होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी सुचवलं की रस्ता 'गार्डन वॉल' नावाच्या लांबलचक कड्याच्या पोटातून न्यावा आणि वळण एकच ठेवावं. सर्व्हिसचे संचालक स्टीफन मॅदर यांनी विंटचं ऐकलं. चढ सुमारे ६ टक्क्यांवर राखून कडा फोडत तो रस्ता पुढे गेला आणि १५ जुलै १९३३ रोजी त्याचं उद्घाटन झालं. ते एकुलतं एक हेअरपिन आजही 'द लूप' म्हणून ओळखलं जातं. डोंगर वाचला, पण त्याच्या बदल्यात रस्ता अरुंद राहिला आणि खडकाचे पुढे आलेले माथे तसेच डोक्यावर राहिले. लोगन खिंडीतून पश्चिमेकडे उतरणारी गाडी कड्याला खेटून चालते. तिची उंची १० फुटांपेक्षा जास्त असेल तर हे माथे तिला लागू शकतात, असा इशारा पार्क आजही देतं. मोठी मोटरहोम १२ ते १३ फूट उंच असते.

लांब गाडी वळणावर नेमकं काय करते, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, ती आतून जातात. किती आतून, हे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधल्या अंतरावर ठरतं, आणि ते जवळजवळ त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. एखाद्या वळणाची त्रिज्या १२ मीटर धरू. साध्या कारच्या दोन ॲक्सलमध्ये पावणेतीन मीटर अंतर असतं, म्हणून तिची मागची चाकं जेमतेम एक फूट आतून जातात आणि चालवणाऱ्याला त्याची जाणीवही होत नाही. ३६ फुटी मोटरहोममध्ये हेच अंतर २१ फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ६.४ मीटर असू शकतं. ती त्याच वळणावर मागून तब्बल सहा फूट आत येते. गार्डन वॉलच्या रस्त्यावर अख्ख्या गाडीला जेवढ्या लांबीची मुभा आहे, तेवढं तर हिच्या नुसत्या दोन ॲक्सलमधलंच अंतर!

शिवाय मागच्या चाकांच्या पाठीमागे दहा-बारा फुटांचा भाग लोंबता असतो. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की मागचा डावा कोपरा आधी डावीकडे झाडू मारतो. तीव्र वळणावर तो सहज दीड-दोन फूट बाहेर जातो. डोंगरात त्या दीड-दोन फुटांत समोरून येणाऱ्या गाडीचा आरसा असतो, किंवा खडक असतो.

आता हे एखाद्या उजव्या हेअरपिनवर कसं दिसतं ते बघा. बसच्या घडणीच्या मोटरहोममध्ये चालकाची खुर्ची पुढच्या चाकांच्याही पुढे असते. वळणाचा आतला कोपरा खिडकीशेजारी आला की कारची सवय असलेला हात आपोआप स्टिअरिंग फिरवायला लागतो. इथे ते करायचं नाही. नाक सरळ पुढे जाऊ द्यायचं, समोरच्या काचेत रस्ता संपून नुसतं आकाश दिसायला लागेपर्यंत. चाकं अजून डांबरावरच असतात, तुम्ही मात्र त्यांच्या पुढे हवेत बसलेले असता. मग स्टिअरिंग एकदम आणि पूर्ण फिरवायचं, आणि नजर लगेच उजव्या आरशात न्यायची, कारण मागचं चाक आतल्या गटाराच्या किती जवळ येतंय हे तिथेच दिसतं. ते बघून स्टिअरिंग हळूहळू सोडायचं. डाव्या आरशात तोवर मागचा कोपरा जागेवर आलेला असतो. आंबा किंवा वरंधा घाटातला एसटीचा चालक हे सगळं झोपेतही करील. बस त्याला रोज घडवते. मोटरहोम मात्र वर्षातून एकदा सुट्टीपुरती हातात येते, आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती साध्या कारच्या लायसनवर चालवता येते.

आपल्याकडून तिकडे गेलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. भारतात आपण गाडीत उजवीकडे बसतो आणि गाडीचं धूड आपल्या डावीकडे असतं. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो आणि धूड उजवीकडे पसरतं. रस्त्यातली आपली जागा जुन्याच अंदाजाने धरली की गाडी नकळत उजवीकडे सरकत राहते. कारमध्ये याने फारतर कडेची पांढरी पट्टी ओलांडली जाते. साडेआठ फुटी गाडीत, उजवीकडे दरी असताना, हा सरकता अंदाज जीवघेणा ठरू शकतो. मोकळ्या पार्किंगमध्ये तासभर घालवून हा अंदाज दुरुस्त केल्याशिवाय कोणी डोंगराकडे वळूच नये, असं माझं ठाम मत आहे.

कोलोराडोमधल्या 'मिलियन डॉलर हायवे'वर या मुद्द्याची कसोटी लागते. अमेरिकन महामार्ग ५५० चा हा तुकडा सिल्व्हरटन आणि यूरे या दोन जुन्या खाणगावांना जोडतो. यूरेकडून निघणारी मूळची टोलची वाट ऑटो मिअर्स यांनी १८८० च्या दशकात काढली आणि १९२० च्या दशकात ती मोटारींसाठी नव्याने बांधली गेली. इथे मोठ्या मोटरहोमना बंदी नाही. पण अनकम्पाग्रे घळईच्या काठाने जाणाऱ्या भागात बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. हिवाळ्यात साचलेला बर्फ नांगर दरीत ढकलतात, आणि कठडा त्याच्या आड येतो. यूरेहून दक्षिणेला निघालं की गाडी दरीच्या बाजूच्या पदरात येते. सिल्व्हरटनहून उत्तरेला निघालं की डोंगराच्या बाजूला. म्हणून धूड घेऊन जाणारे जाणते लोक हा रस्ता दक्षिणेकडून उत्तरेकडे करतात. माझ्या मते नवख्याने त्यात दुसरा पर्याय ठेवूच नये.

अर्थात त्या दिशेने गेलं की उतार पदरात येतो. रेड माउंटन खिंड ११,०१८ फुटांवर आहे आणि यूरे ७,७९२ फुटांवर. म्हणजे साधारण २० किलोमीटरांत जवळजवळ एक हजार मीटर उतरायचं. डोंगरात मोठी गाडी चालवण्याचं सगळं मर्म मला या उतारात दिसतं. चढाला गाडी फारतर दम खाते. उतारावर चुकलं तर सावरायला जागा नसते.

मोटरहोमचं वजन १२ टन धरू. पेट्रोलवर चालणाऱ्या मोठ्या मोटरहोम भरल्यावर या वजनापर्यंत जातात. १२ टन वजन हजार मीटर खाली आलं की सुमारे १२ कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. साडेतीनशे लिटर गार पाण्याला उकळी आणायला एवढी ऊर्जा लागते. गाडीने वेग वाढवायचा नसेल तर ही सगळी ऊर्जा कुठेतरी गेलीच पाहिजे. थोडी वाऱ्याशी आणि टायरांच्या घर्षणात जाते. उरलेली जिरवायला दोनच जागा असतात, चाकांजवळचे ब्रेक आणि इंजिन.

ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारं यंत्र. ही उष्णता हवेत निघून जायला वेळ लागतो. एकसारखा पाय ठेवला तर ती निघण्यापेक्षा वेगाने साचते. मग तीन गोष्टी घडतात. पॅड आणि लायनरमधलं चिकट द्रव्य जळून त्याचा वायू होतो आणि पकड कमी होते. ड्रम तापून फुगतात, त्यामुळे लायनरला त्यांच्यापर्यंत पोचायला जास्त अंतर कापावं लागतं. आणि ज्या गाड्यांचे ब्रेक तेलावर चालतात, त्यांचं तेल उकळू शकतं. डॉट ३ प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मुरलं की १४० अंशांच्या आसपासच त्याला उकळी फुटू शकते. तेलाची वाफ झाली की पॅडल मऊ लागतं आणि पार तळाला जातं. द्रव दाबाने सरकतो, वाफ नुसती चेपते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. आपण ज्याला 'ब्रेक फेल' म्हणतो, ते उतारावर बऱ्याचदा हेच असतं. यंत्रात काही तुटलेलं नसतं. तासाभराने गार झाल्यावर तेच ब्रेक पुन्हा लागतात, म्हणून नंतर तपासणाऱ्याला कधीकधी काही सापडतही नाही.

म्हणून ऊर्जेचा मोठा वाटा इंजिनाकडे द्यायचा. आपल्या ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. नव्या ताकदवान गाड्या वरच्या गिअरमध्येही चढून जातात, त्यामुळे आता कधी त्याहीपेक्षा खालचा गिअर घ्यावा लागतो. पण मूळ गोष्ट तीच, गिअर उतार सुरू होण्याआधी पाडायचा. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची झडप बंद होते आणि पिस्टनना पोकळीविरुद्ध ओढत राहावं लागतं. तोच अडथळा गाडीला मागे खेचतो. ऑटोमॅटिक मोटरहोममध्ये 'टो-हॉल' नावाचं बटण असतं, ते दाबलं की ब्रेकला पाय लागताच गिअरबॉक्स आपणहून खालचा गिअर घेते. इंजिन जोरात ओरडायला लागतं आणि घरातली माणसं घाबरतात. त्यांना आधीच सांगून ठेवावं, हा आवाज चांगला आहे.

डिझेल इंजिनात मात्र तशी झडप नसते, म्हणून ते मुळात फारसं खेचत नाही. यावरचा उपाय ज्याने शोधला, त्याला त्याची गरज एका उताराने शिकवली होती. डिझेल इंजिनं बनवणारे क्लेसी कमिन्स १९३१ मध्ये न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला ट्रक घेऊन निघाले होते. डिझेल किती काटकसरीचं आहे हे त्यांना देशाला दाखवायचं होतं. कॅलिफोर्नियातल्या काहोन खिंडीतून सॅन बर्नार्डिनोकडे उतरताना ब्रेक निकामी झाले, आणि इंजिन गाडी रोखेना. खाली रेल्वेचं क्रॉसिंग होतं आणि त्यावरून मालगाडी चालली होती. शेवटचा डबा पुढे सरकला आणि ट्रक त्याच्या मागून थोडक्यात निसटला. कमिन्स ते विसरले नाहीत. बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतर, त्यांनी त्यावर काम केलं आणि जेकब्ज कंपनीने १९६१ मध्ये ते यंत्र बाजारात आणलं. 'जेक ब्रेक' हे नाव त्यावरूनच पडलं.

त्याची युक्ती फार सुंदर आहे. पिस्टन वर येताना हवा दाबतो आणि त्यासाठी गाडीची ऊर्जा खर्ची पडते. एरवी ती दाबलेली हवा लगेच पिस्टनला खाली ढकलून घेतलेली ऊर्जा परत करते. जेक ब्रेक नेमका वरच्या टोकाला एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा निघून जाते. ऊर्जा घेतली जाते, पण परत मिळत नाही. इंजिन त्या वेळापुरतं हवा दाबणारा पंप होऊन बसतं. मोठ्या डिझेल मोटरहोममध्ये हा ब्रेक असतो. मध्यम गाड्यांत एक्झॉस्टच्या नळीत पडदा टाकून तिथे दाब साठवणारा साधा प्रकार असतो. दोन्हींमुळे पायाचे ब्रेक गार राहतात, आणि खरंच गरज पडेल तेव्हा ते शाबूत असतात.

एवढं करूनही वेग वाढतोच. अशा वेळी हलका पाय सतत ठेवू नये. ठरवलेल्या वेगापर्यंत गाडी आली की ब्रेक जोरात दाबून वेग ताशी आठेक किलोमीटरने उतरवायचा आणि पाय पूर्ण काढायचा. पुन्हा वेग चढला की पुन्हा तसंच. मधल्या मोकळ्या वेळात ब्रेकना हवा मिळते. अमेरिकेत ट्रकचालकांच्या लायसनच्या पुस्तकात हेच शिकवलेलं असतं. आणि डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणं, ही आपल्या घाटांतली सवय कुठल्याही डोंगरात आत्मघातकी आहे. खंडाळ्याच्या उतारावर कंटेनर पुढच्या गाड्यांवर जाऊन आदळल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

यातूनही गाडी सुटली, तर पश्चिम अमेरिकेतल्या मोठ्या उतारांवर शेवटची सोय म्हणून चढाच्या वाटा ठेवलेल्या असतात. महामार्गातून बाजूला फुटणाऱ्या, जाड सैल खडीने भरलेल्या. सुटलेली गाडी त्यांत घातली की चाकं रुततात आणि ती थांबते. हीच कल्पना आपल्याकडच्या रेल्वेने फार आधीपासून जपली आहे. बोरघाटात आणि कसारा घाटात उतरणाऱ्या गाड्यांसाठी 'कॅच सायडिंग' आहेत. काबूत न राहिलेली गाडी चढाच्या बाजूच्या रुळावर जाईल, अशी ती रचना. मोटरहोमवाले पर्यटक खडीच्या वाटा ट्रकसाठीच आहेत असं समजतात. तसं नाही. गाडी जाईल, पण जीव वाचेल. आणि तिथे फोटो काढायला गाडी लावणं हा गुन्हाच समजला पाहिजे.

चढाबद्दल थोडक्यात. ११ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश राहतो, त्यामुळे टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन जवळपास एक तृतीयांश ताकद गमावतं. गाडी सावकाश चढणार, आणि मागे रांग लागणार. कॅलिफोर्नियाचा कायदा स्पष्ट आहे, दोन पदरी रस्त्यावर मागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या आणि पुढे जाणं धोक्याचं असेल, तर संथ गाडीने पुढच्या मोकळ्या जागेत बाजूला व्हायचं. आणि पाण्याची टाकी भरून डोंगर चढू नये. ८० गॅलन पाण्याचं वजन ३०० किलो होतं. ते वर चढवायचंही आणि उतरताना ब्रेकवर घ्यायचंही.

बोगद्यांचा प्रश्न वेगळाच. युटातल्या झायन नॅशनल पार्कमधला १९३० चा बोगदा १.१ मैलांचा आहे. त्याच्या भिंती वर कमानीसारख्या आत वळतात, म्हणून उंच गाडीला आपल्या पदरात राहताच येत नाही, मधोमधच चालावं लागतं. वर्षानुवर्षं अशा गाड्यांसाठी समोरची वाहतूक थांबवली जायची. आता २०२६ च्या मध्यापासून त्यांना बंदीच करण्याचा निर्णय पार्कने जाहीर केला.

मग मोठी गाडी घेऊन या डोंगरांत जाणारे करतात काय? बरेच जण मोटरहोमच्या मागे छोटी कार ओढत नेतात. पायथ्याच्या कॅम्पग्राउंडवर घर लावायचं आणि वरचा रस्ता कारने बघायचा. मला हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. फक्त चारही चाकांवर ओढली जाणारी कार जोडलेली असताना मोटरहोम रिव्हर्स घेता येत नाही, जोड वाकतो. अरुंद रस्त्यावर चुकून शिरलं, तर आधी कार सोडवावी लागते आणि तोवर वाहतूक अडते. म्हणून वळण्याआधीच पाटी वाचायची. ग्लेशियरमध्ये कार नसली तरी १९३० च्या दशकातल्या, छत मागे सरकणाऱ्या लाल बस आहेत. त्यांच्या चालकांना आजही 'जॅमर' म्हणतात, कारण जुन्या गिअरबॉक्समध्ये गिअर आवाज करत कोंबावे लागायचे.

आणि ग्लेशियरच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला घरच न्यायचं असेल, तर दक्षिणेकडून वळसा घालणारा महामार्ग २ आहे. तो ५,२१३ फुटांच्या मरायस खिंडीतून जातो. ही खिंड डिसेंबर १८८९ मध्ये जॉन स्टीव्हन्स या इंजिनिअरने ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठी शोधून काढली. पुढे हेच स्टीव्हन्स पनामा कालव्याचे मुख्य इंजिनिअर झाले. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, म्हणून त्यांनी डोंगराची सर्वांत सौम्य वाट हुडकली होती, आणि आज ४० फुटी मोटरहोम त्याच वाटेने निवांत पलीकडे जाते.

न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतची अनेक मराठी कुटुंबं आता उन्हाळ्यात भाड्याने मोटरहोम घेतात, आई-बाबा भारतातून आले की हमखास. त्यांना एक सांगणं आहे. जाहिरातीतल्या '१९ फुटी', '२५ फुटी' या आकड्यांवर रस्ता ठरवू नका. गाडी ताब्यात घेताना टेप घेऊन जा, एका बंपरच्या टोकापासून दुसऱ्या बंपरच्या टोकापर्यंत मोजा, मागे सायकलचा स्टँड असेल तर तोही धरा. मग दोन्ही आरसे उघडून एका आरशाच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत मोजा, कारण २१ फुटांत बसणाऱ्या व्हॅनसुद्धा आरशांसकट ८ फुटांच्या पुढे जाऊ शकतात. उंची छतावरच्या एसीसकट मोजा. तिन्ही आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समोरच्या काचेच्या वर, चालकाला दिसतील असे चिकटवा, आणि टो-हॉलचं बटण कुठे आहे ते आवारातच विचारून घ्या.